वृक्षाचे हृदय

कलकत्त्याच्या पलीकडे, हुगळीच्या पश्चिम तीरावर, शिवपूरचे वनस्पति-उद्यान आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील रॉबर्ट किड या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून १७८७ साली ही बाग घातली गेली. बंगालमध्ये बदलून आलेला मराठी माणूस येथे एकदा तरी जातो आणि घरून आईवडील आले म्हणजे त्यांना घेऊन पुन्हा जातो. पाहावयाचा असतो तो तेथील वड. चार एकरांहून अधिक जागा व्यापून, तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर उभा असलेला हा वृक्ष लांबून अरण्यासारखा दिसतो. आत शिरल्यावर माणूस साहजिकच मूळ खोड शोधू लागतो, आणि ते त्याला सापडत नाही. बुरशीने पोखरलेले ते खोड १९२५ साली कापून काढण्यात आले. ज्याला आपण झाडाचा प्राण समजतो तो भाग जाऊन शंभर वर्षे झाली, तरी वड हिरवागार आहे आणि दरवर्षी नव्या पारंब्या भुईत रोवतो आहे.

२००९ साली या उद्यानाला आचार्य जगदीशचंद्र बसू यांचे नाव देण्यात आले. हे नामकरण उचितच झाले. तथापि त्यात एक योगायोग आहे, आणि तो माझ्या मनात बराच काळ घर करून राहिला आहे. बसूंनी आयुष्याची अनेक वर्षे ज्या प्रश्नाच्या मागे घालविली, तो झाडाच्या हृदयाचा प्रश्न होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतील मंडळींनी ३० नोव्हेंबर रोजी, बसूंच्या जन्मदिनी, एक लहानशी सभा योजिली होती. मराठी व बंगाली दोन्हीकडची कुटुंबे येणार होती. वनस्पतिशास्त्र हा माझा एकेकाळचा अभ्यासविषय, म्हणून भाषणाचे काम माझ्याकडे आले. सभेपूर्वी एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सौम्यपणे म्हटले, "मोशाय, रसारोहणाची गोष्ट आज काढू नका. आजचा दिवस त्यांचा आहे." मी ती काढली नाही. बिनतारी लहरींवर बोललो, लाजाळूवर बोललो, टाळ्या मिळाल्या, चहा झाला. घरी परतताना मात्र मनाला चुटपुट लागली. आपण परप्रांतात नोकरी करणारी माणसे. यजमानांच्या दैवतांविषयी पाहुण्याने जपून बोलावे, हा शिष्टाचार आपण सर्वजण पाळतो. परंतु शास्त्रज्ञाच्या जन्मदिनी त्याच्या शास्त्रातला एक भाग झाकून ठेवणे हा त्याचा गौरव म्हणावा काय? त्या दिवशी जे बोललो नाही, ते आज लिहीत आहे.

प्रश्न तसा लहान मुलालाही सुचेल असा आहे. झाड मुळांनी पाणी पिते आणि पाने असतात वर. मग हे पाणी वर चढते कसे? आपल्या पूर्वजांनी झाडाला 'पादप' हे नाव दिले. पायांनी पिणारा तो पादप. महाभारताच्या शांतिपर्वात भृगु आणि भरद्वाज यांच्या संवादात वृक्षांना जीव आहे की नाही याची चर्चा आली आहे. तेथे झाडाच्या पाणी पिण्याला कमळाच्या देठातून तोंडाने पाणी ओढून घेण्याची उपमा दिली असून, वायूच्या साह्याने हे घडते असे म्हटले आहे. उपमा सुंदर आहे, निरीक्षणही सूक्ष्म आहे. पण तेवढ्यावरून आधुनिक शोध आमच्या ग्रंथांत आधीच होता असे म्हणू लागणे बरे नव्हे. देठातून पाणी ओढायला तोंड लागते. झाडाचे तोंड कोठे आहे आणि त्यात एवढे बळ कसे येते, हा खरा प्रश्न उपमेनंतर सुरू होतो.

युरोपात या प्रश्नाला चालना मिळाली ती वैद्यकातून. १६२८ साली विल्यम हार्वी याने हृदय हा पंप असून रक्त शरीरात फिरत राहते, हे सिद्ध केले. १६६१ साली बोलोन्याच्या मार्चेल्लो मालपीगी याने बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या आणि हार्वीच्या सिद्धांतातला राहिलेला दुवा जोडला. हाच मालपीगी पुढे वनस्पतींकडे वळला. १६७५ आणि १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा वनस्पतींच्या शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास इंग्लंडात नेहेमाया ग्रू हाही तेच काम करीत होता. दोघांनाही लाकडात नळ्यांचे जाळे दिसले. रक्तवाहिन्या आहेत तर रक्ताभिसरण असले पाहिजे, आणि अभिसरण आहे तर हृदय असले पाहिजे, ही विचारांची वाट आपोआपच तयार झाली. पुढली अडीचशे वर्षे निरनिराळी माणसे या वाटेने जाऊन आली.

मालपीगीने एक साधा प्रयोग केला होता. फांदीच्या भोवतालची साल कड्यासारखी कापून काढायची, लाकडाला धक्का लावायचा नाही, आणि पाहत राहायचे. पाने काही कोमेजली नाहीत. काही काळाने कड्याच्या वरच्या बाजूची साल फुगली, खालची तशीच राहिली. यावरून दोन गोष्टी निघतात. पाणी चढते ते लाकडातून, आणि पानांत तयार झालेले पोषक द्रव्य उतरते ते सालीतून. खुरप्याने करण्याजोगा हा प्रयोग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे याचीच साक्ष काढावयाची आहे.

त्यानंतरचे मोठे नाव स्टीफन हेल्स याचे. थेम्सच्या काठी टेडिंग्टन येथे तो पाद्री होता. घोड्याच्या धमनीत नळी घालून रक्ताचा दाब मोजणारा हा पहिला मनुष्य, आणि १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात झाडाच्या रसाचा दाब मोजणाराही हाच. उशिरा छाटलेल्या एका द्राक्षवेलीच्या जखमेतून रस वाहू लागला, तेव्हा वेल मरेल या भीतीने त्याने जखमेवर जनावराचे मूत्राशय ताणून बांधले. थोड्याच वेळात ते फुग्यासारखे फुगले. हेल्सने तेथे काचेची नळी जोडली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. रस वीस फुटांहून वर चढला. मुळांतून वर ढकलणारा जोर असतो, हे त्यावरून दिसले. आपण आज यालाच मूलदाब म्हणतो.

एवढ्यावर तो थांबला असता तर हृदय सापडले असे म्हणून मोकळा झाला असता. पण हेल्स हा हिशेबी मनुष्य होता. १७२४ च्या जुलै महिन्यात त्याने साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड कुंडीत लावून कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले, आणि सकाळ-संध्याकाळ तिचे वजन करू लागला. दिवसाच्या बारा तासांत सरासरी सव्वा पौंड पाणी पानांवाटे उडून जाते, असे त्याला आढळले. याउलट मुळांचा तो जोर वसंतात, पाने फुटण्यापूर्वी दिसायचा. भर उन्हाळ्यात, पाण्याची गरज सर्वांत जास्त असताना, छाटलेल्या वेलीतून रसाचा थेंबही येत नसे. तेव्हा मुख्य ओढ पानांकडून आहे, झाडात हृदयासारखे यंत्र नाही आणि रसाचे रक्तासारखे अभिसरणही नाही, असा निर्णय त्याने दिला. आजच्या ज्ञानाचे अर्धे सूत्र त्या निर्णयात आहे.

उरलेले अर्धे सूत्र सापडायला मात्र पावणेदोनशे वर्षे लागली, कारण वाटेत एक धोंड होती. तोरिचेल्लीच्या १६४३ च्या प्रयोगापासून सर्वांना माहीत होते की शोषणपंपाने पाणी चौतीस फुटांपलीकडे चढत नाही. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण त्याला वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा भार, आणि त्या भाराची ताकद तेवढीच. तीनशे फूट उंचीच्या वृक्षाला हा हिशेब लागू पडत नाही. केशाकर्षण म्हणावे, तर लाकडातली नळी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी अरुंद धरली तरी त्या बळावर पाणी दोन फूट चढते, अधिक नाही. मूलदाब तर ऐन उन्हाळ्यात नाहीसा होतो. सगळे जमाखर्च मांडून झाले तरी बाकी राहतेच. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक पंडित पुन्हा जुन्या वाटेला लागले: लाकडातील जिवंत पेशी टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवीत असल्या पाहिजेत, एका मोठ्या हृदयाऐवजी लक्षावधी लहान हृदये असली पाहिजेत.

ही कल्पना तपासून पाहिली ती जर्मनीतील बॉन येथील एडुआर्ट श्ट्रासबुर्गर याने. १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याने वीस मीटरहून उंच वृक्ष बुंध्याशी करवतून त्यांची तोंडे विषारी द्रावणात ठेवली. द्रावण वर चढू लागले आणि वाटेतील जिवंत पेशी मारीत गेले. त्यानंतर दिलेले रंगीत पाणी त्या मृत लाकडातूनही शेंड्याकडे चढत राहिले. पाणी ज्या नळ्यांतून जाते त्या नळ्या तर स्वभावतःच मृत पेशींच्या पोकळ भिंती असतात. आता भोवतालच्या जिवंत पेशीही मेल्या होत्या. पंप चालविणारे कोणीही शिल्लक नसताना पाणी चढत होते.

मग ते चढविले कोणी? याचे उत्तर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील दोन मित्रांनी दिले. हेन्री डिक्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ बॉनमध्ये श्ट्रासबुर्गरच्या हाताखाली काम करून आला होता. जॉन जोली हा भूशास्त्र व पदार्थविज्ञान यांचा अभ्यासक. १८९४-९५ साली त्यांनी मांडलेला विचार असा: पानांच्या आतील पेशींच्या ओल्या भिंतींवरून पाण्याची वाफ होते आणि ती पर्णरंध्रांवाटे बाहेर जाते. भिंतींतील सूक्ष्म छिद्रांत पाण्याचा पृष्ठभाग आत खेचला जातो आणि मागील पाण्याला ताण बसतो. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. या गुणाला संसक्ती म्हणतात. नळीत हवेचा बुडबुडा नसेल आणि पाणी भिंतींना चिकटून असेल, तर हा ताण पानापासून मुळापर्यंत दोरासारखा पोचतो. हवेच्या भाराने पाणी ढकलले जाते तेव्हा चौतीस फुटांची मर्यादा. ओढले जाते तेव्हा ती मर्यादा उरत नाही. श्रम सूर्याचे असतात. झाड त्यासाठी स्वतःची जवळजवळ कवडीही खर्च करीत नाही.

पाण्याचा दोर! विद्वानांना हे पटणे कठीण गेले. चार्ल्स डार्विनचा पुत्र फ्रॅन्सिस डार्विन याने, आमच्यापैकी काहींना हे वाळूच्या दोरावर विश्वास ठेवण्यासारखे वाटते, अशा अर्थाचे उद्गार काढले. वस्तुतः फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेर्तलो याने १८५० सालीच काचेच्या बंद नळीतील पाणी सुमारे पन्नास वातावरणांचा ताण सोसते असे दाखविले होते. पाठोपाठ हायडेलबर्गच्या आस्केनाझीने छिद्रमय प्लास्टरवरून पाणी उडवून खालचा पारा वायुभारमापकातील उंचीच्याही वर ओढून दाखविला. पण प्रत्यक्ष उभ्या झाडात हा ताण मोजणारे साधन कोणाजवळ नव्हते. तर्क पक्का, साक्ष मात्र अपुरी, अशा अवस्थेत हा सिद्धांत पुढली काही दशके होता. याच काळात बसू या वादात उतरले.

जगदीशचंद्र बसू १८८५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले, तेव्हा त्याच जागेवरील युरोपियनाला जो पगार मिळे तो हिंदी माणसाला मिळत नसे. बसूंनी काम एक दिवस चुकविले नाही, आणि तीन वर्षे पगार घेतला नाही. अखेर सरकारला पूर्ण पगार मागील थकबाकीसह द्यावा लागला. सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या आपणांस या तीन वर्षांचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. याच मनुष्याने तुटपुंज्या साधनांनी मिलिमीटरच्या मापाच्या विद्युत्‌लहरी निर्माण केल्या. मे १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने धातू, वनस्पती व प्राणी यांचे उत्तेजनाला मिळणारे प्रतिसाद एकाच पद्धतीने रेखाटून दाखविले. तेथील ज्येष्ठ शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, निबंधाचे प्रकाशन अडले. पण बसू मागे हटले नाहीत. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर स्थापिले, १९२० साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. प्रस्थापितांनी एकदा नाकारलेले पुढे खरे ठरते, असा आयुष्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. हा अनुभव माणसाला धीर देतो. कधी कधी तो त्याला फसवितोही.

१९२३ साली बसूंचा रसारोहणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी गॅल्व्हनोमापकाला जोडलेली सूक्ष्म विद्युत्‌शलाका झाडाच्या खोडात हळूहळू आत सरकविली. सालीच्या सर्वांत आतील, लाकडाला लागून असलेल्या थरापाशी ती पोचली म्हणजे काटा लयबद्ध हेलकावे घेई. हा थर स्पंदन पावतो, खालून पाणी घेतो आणि वर टाकतो. हेच वनस्पतीचे हृदय, असे त्यांनी प्रतिपादिले. बंगालीत जिला 'बनचांडाल' म्हणतात, त्या वनस्पतीची लहान पर्णदले आपोआप वरखाली होत असतात. त्या हालचालीचे हृदयाच्या ठोक्यांशी असलेले साम्य त्यांनी पूर्वीच दाखविले होते. प्राणी आणि वनस्पती यांच्यामधील भिंत पाडावी, जीवनाचे एकत्व प्रयोगाने सिद्ध करावे, हा त्यांचा ध्यास होता. पारतंत्र्यातल्या देशाला आपल्या तत्त्वज्ञानाची साक्ष जगासमोर यंत्राने काढणारा हा ऋषी वाटला असल्यास नवल नाही. आजही ते शब्द वाचताना मन भारावून जाते.

परंतु सिद्धांत टिकला नाही. तो पाडण्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची गरज नव्हती. हृदय जर सालीच्या आतल्या थरात असेल, तर सालीचे कडे काढताच वरची पाने कोमेजली पाहिजेत. मालपीगीच्या खुरप्याने अडीचशे वर्षांपूर्वीच दाखविले होते की ती कोमेजत नाहीत. वाटेतल्या पेशी मेल्यावरही पाणी चढते, हे श्ट्रासबुर्गरच्या विषाने दाखविले होते. बसूंच्या यंत्राचा काटा हलत होता, यात संशय नाही. जिवंत पेशींत विद्युत्‌बदल घडतातच. पण काटा हलणे आणि पाणी हलणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीकडे जाण्याचा पूल बसूंनी प्रयोगाने बांधला नाही. तो त्यांच्या ध्यासाने बांधला. युरोप-अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे मत स्वीकारले नाही. त्यांच्यापैकी काहींच्या मनात वर्णाचा गर्व असेलही. पण या एका बाबतीत निकाल त्या गर्वावर अवलंबून नव्हता. तो झाडानेच दिलेला होता.

१९३७ साली बसू वारले. पाण्याच्या दोराची प्रत्यक्ष साक्ष मिळाली ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. १९६५ साली कॅलिफोर्नियात पेर शोलँडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती काढली. फांदी तोडली की ताणलेले पाणी तुटलेल्या तोंडापासून आत सरकते. मग ती फांदी तोंड बाहेर ठेवून पोलादी भांड्यात बंद करायची आणि भांड्यात वायूचा दाब वाढवीत जायचे. पाणी पुन्हा तोंडाशी येईल तेव्हाचा दाब म्हणजे झाडातला ताण. उंच वृक्षांच्या शेंड्याकडील डहाळ्या त्यांनी बंदुकीने नेम धरून पाडल्या. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या खारफुटीत तर हा ताण कित्येक दशक वातावरणांचा भरला. समुद्रातून गोडे पाणी ओढून घ्यायचे म्हणजे तेवढे बळ हवेच. पुढे पुन्हा शंका निघाल्या, तेव्हा १९९५ साली दोन निरनिराळ्या गटांनी फांद्या यंत्रावर गरगर फिरवून ज्ञात ताण निर्माण केला आणि पाण्याचा दोर तो सोसतो हे दाखविले. २००८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दोन संशोधकांनी जेलीसारख्या पदार्थात कोरलेले कृत्रिम 'झाड' तयार केले. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी पाणी चढले. कॅलिफोर्नियातील सर्वांत उंच रेडवुड वृक्ष सुमारे ११६ मीटरांचा आहे. याहून झाडे फार उंच का होत नाहीत, याचेही एक मुख्य कारण पाण्याच्या या वाढत्या ताणातच आहे, असे २००४ सालच्या अभ्यासातून पुढे आले.

आता सालीतून उतरणाऱ्या रसाविषयी दोन शब्द. तो मार्ग मात्र जिवंत पेशींचा आहे. तेओडोर हार्टिग याने एकोणिसाव्या शतकात सालीतील चाळणीसारख्या पडद्यांच्या नळ्या शोधून काढल्या. १९२८ साली त्रिनिदादमध्ये मेसन आणि मास्केल यांनी कपाशीवर प्रयोग करून साखर याच मार्गाने जाते हे निश्चित केले. ती कशी जाते, हे एर्न्स्ट म्युन्श या जर्मन वनशास्त्रज्ञाने १९३० सालच्या आपल्या ग्रंथात सविस्तर सांगितले. पानांतील साखर नळीत भरली की तिच्या ओढीने शेजारचे पाणी आत शिरते, दाब वाढतो आणि रस जेथे साखर खर्च होते तिकडे वाहू लागतो. हा रस शुद्ध स्वरूपात मिळविणे अवघड. पण ते काम आपल्या शेतकऱ्यांचा शत्रू मावा हा किडा सहज करतो. त्याची सोंड अचूक एका चाळणनळीत शिरते. १९५३ साली संशोधकांनी रस पिणाऱ्या किड्याची सोंड तशीच ठेवून त्याला कापून दूर केले, तेव्हा उरलेल्या सोंडेतून रस आपोआप ठिबकत राहिला. हिवाळ्यात बंगालच्या खेड्यांतून खजुरीच्या झाडांना मडकी बांधलेली दिसतात आणि त्या रसाच्या नव्या गुळाचा वास बाजारभर दरवळतो. आपल्या कोकणात माडाची पोय छेदून नीरा काढतात. दोन्हीकडे मडक्यात पडतो तो हाच उतरता, साखरेचा रस. बंगाली शेजाऱ्याच्या घरचा संदेश खाताना हे नाते मला नेहमी आठवते.

मग बसूंचे काय उरले? पुष्कळ उरले. लाजाळूच्या पानाला इजा झाली म्हणजे तिची वर्दी विद्युत्‌संदेशाने दूर पोचते, असे ते सांगत होते, आणि त्या संदेशाची वाट सालीतील अन्नवाहक नळ्यांच्या भागातून जाते असे त्यांनी प्रतिपादिले होते. त्यांच्या काळी यालाही पुष्कळांनी नाके मुरडली. आज वनस्पतींतील विद्युत्‌संदेश हे शास्त्राचे मान्य अंग आहे. २०१८ साली संशोधकांनी किड्याने कुरतडलेल्या पानाकडून दूरच्या पानांकडे धावणारी वर्दी प्रकाशमान होताना प्रत्यक्ष चित्रित केली. म्हणजे त्याच मनुष्याने, जवळजवळ तशाच साधनांनी, झाडाच्या दोन गोष्टी ऐकल्या. एक बरोबर ऐकली, दुसरी चुकीची. दोन्ही वेळी त्याची निष्ठा सारखीच होती. निष्ठेवरून सत्य ठरत नाही, आणि एका चुकीने निष्ठा खोटी होत नाही. चूक झाकून ठेवली तर मात्र आपण त्याला शास्त्रज्ञांच्या पंगतीतून उठवून देव्हाऱ्यात बसवितो. देव्हाऱ्यातल्या मूर्तीशी वाद घालता येत नाही. आणि ज्याने आयुष्यभर जगाशी वाद घातला त्याला ही शिक्षाच होय.

गेल्या महिन्यात पुन्हा शिवपूरला गेलो होतो. वडाखाली उभे राहिले की बसूंना हृदय का हवेसे वाटले ते कळते. एवढा मोठा संसार एका कर्त्या पुरुषावाचून चालत असेल, हे मनाला पटतच नाही. प्रत्यक्षात जमिनीत उतरलेली प्रत्येक पारंबी स्वतःच खोड झालेली आहे. तिच्यातून पाणी चढते, आणि ते ओढणारी पाने वर उन्हात आहेत. मूळ खोड गेले तेव्हा वडाला विशेष काही वाटले नसावे.

३० नोव्हेंबर पुन्हा जवळ आला आहे. या खेपेला मंडळींनी मला बोलायला सांगितले तर हाच मजकूर वाचून दाखवीन म्हणतो. ते वृद्ध गृहस्थ आता फारसे बाहेर पडत नाहीत. पण त्यांना आधी घरी जाऊन हा लेख समजावून सांगण्याचे मी ठरविले आहे. ते रागावतील कदाचित. पण मला वाटते, शेवटी विचारतील की सालीचे ते कडे कापायचे कसे, आणि आम्ही दोघे त्यांच्या अंगणातल्या एखाद्या फांदीवर ते करून पाहू.